चित्रपटप्रकाराचा वायदा

संतपट, ऐतिहासिक, सामाजिक, तमाशापट, विनोदी, राजकीय, रहस्यपट, प्रेमपट ही मराठी चित्रपटांची रुळलेली वर्गवारी आहे. ती समीक्षकांनी आधी आखली आणि मग चित्रपट निघाले, असे झालेले नाही. वितरक, चित्रपटगृहांचे मालक, पोस्टर रंगवणारे चित्रकार आणि तिकिटाच्या खिडकीपुढची रांग यांच्या व्यवहारातून ही नावे पडत गेली. प्रत्येक नावात प्रेक्षकाला दिलेला एक वायदा असतो. तमाशापट म्हटला की ढोलकी, फड, लावणी आणि गावचा पाटील येणार. संतपट म्हटला की छळ होणार, चमत्कार घडणार आणि शेवटी देव भक्ताच्या हाकेला धावणार. विनोदी चित्रपटात गोंधळ वाढत जाणार, पण कुणाचे कायमचे नुकसान होणार नाही. या वायद्यावर विसंबून प्रेक्षक पैसे मोजतो.

रसिकाच्या आवडत्या चित्रपटांची यादी मात्र एका प्रकारात कधीच बसत नाही. ‘संत तुकाराम’, ‘पिंजरा’, ‘सामना’, ‘अशी ही बनवाबनवी’ आणि ‘सैराट’ ही नावे एकाच माणसाच्या यादीत सुखाने नांदतात. या सर्वांना एकत्र आणणारे काय असावे, या प्रश्नाला सहसा एकच उत्तर मिळते : चांगली कलाकृती प्रकाराची चौकट ओलांडते. हे उत्तर या चित्रपटांना लावून पाहिले तर टिकत नाही. यांपैकी एकही चित्रपट आपला प्रकार सोडत नाही. ‘संत तुकाराम’मध्ये चमत्कार आहेत, ‘पिंजरा’त लावण्या आहेत, ‘बनवाबनवी’त साडी नेसलेले पुरुष आहेत. प्रकाराने दिलेला वायदा ते पुरा करतात. त्यातून जो विश्वास मिळतो, त्याच्या बळावर ते प्रेक्षकाकडे आणखी काही मागतात, आणि ते देण्याच्या तयारीने तो आलेला नसतो. चित्रपट मनात राहतो तो या मागणीमुळे.

संतपटापासून सुरुवात करणे रास्त ठरेल, कारण वायदा सर्वांत घट्ट बांधलेला असतो तो याच प्रकारात. प्रेक्षकाला कथा ठाऊक असते, शेवट ठाऊक असतो, अभंगही पाठ असतात. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ साली पुण्यात आली. तिचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. मुंबईत एकाच चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस होते आणि संगीत केशवराव भोळे यांचे होते. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेली एक रचना तुकारामांच्या घाटात इतकी चपखल बसली की अनेकांनी ती गाथेतलीच मानली.

या चित्रपटात गाथा इंद्रायणीतून वर येते आणि तुकारामांना न्यायला विमानही येते. प्रेक्षक ज्यासाठी आला ते त्याला पुरेपूर मिळते. पण चित्रपटाचे दुसरे केंद्र आहे तुकारामांची बायको. गौरी या अभिनेत्रीने उभी केलेली ही बाई चूल सांभाळते, म्हशीची निगा राखते, मुलांच्या पोटाची काळजी वाहते आणि नवऱ्याला नादी लावणाऱ्या विठ्ठलाला खडे बोल सुनावते. दिग्दर्शकांनी तिला कजाग म्हणून हास्यास्पद केलेले नाही. तिचा राग खरा आहे आणि त्या रागामागची भूकही खरी आहे. शेवटी तुकाराम वैकुंठाला निघतात, आणि ही संसार व मुले यांच्यापाशी जमिनीवर राहते. भक्तीचा सोहळा पाहायला आलेल्या माणसाने या बाईची बाजूही समजून घ्यावी, ही त्या चित्रपटाची मागणी आहे. ती मान्य करताना भक्ती कमी होत नाही. तिची किंमत कुणी चुकवली एवढे कळते. पुढे निघालेल्या अनेक संतपटांत चमत्कार वाढले आणि ही बाई मागे पडली. ते चित्रपट पाहून माणसाने हात जोडले, पण घरी नेण्यासारखे त्याला फारसे काही मिळाले नाही.

सामाजिक चित्रपटाचा वायदा वेगळा असतो. एखादी दुष्ट रूढी दाखवायची, तिचा बळी ठरलेल्या माणसाबद्दल कणव जागवायची आणि शेवटी सुधारणेचा कौल द्यायचा, हे त्याचे काम. बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढून जमीन गमावलेल्या शेतकऱ्याला पडद्यावर आणले आणि मराठी वास्तववादाची पायवाट पाडली. शेतकऱ्याच्या भूमिकेतले तरुण व्ही. शांताराम पुढे ‘प्रभात’चे दिग्दर्शक झाले आणि १९३७ साली त्यांनी ‘कुंकू’ केला. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. म्हाताऱ्याशी लावून दिलेले तरुण मुलीचे लग्न हा विषय तोवर मराठी प्रेक्षकाला नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवल यांच्या १८९९ सालच्या ‘संगीत शारदा’ने तो घराघरांत पोहोचवला होता. शारदेचे लग्न ऐनवेळी मोडते आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. ‘कुंकू’तल्या नीराचे लग्न लागून गेलेले असते. शांता आपटे यांची नीरा त्या लग्नाला मनाने आणि शरीराने मान्यता देण्याचे नाकारते.

येथे प्रेक्षकाकडून कणवेपेक्षा अवघड गोष्ट मागितली जाते. नीरा कुणाची दया मागत नाही, तेव्हा तिच्याकडे दयेने पाहण्याची सोय उरत नाही. केशवराव दाते यांनी साकारलेले वृद्ध वकील काकासाहेबही सरळसोट खलनायक नाहीत. आपण काय करून बसलो हे त्यांना हळूहळू उमगते, आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक त्यांच्या वयाचा हिशेब मांडत राहते. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे, त्या त्या दृश्यात खरोखर उमटतील एवढेच आवाज त्यात आहेत. कुठे हळहळावे आणि कुठे चिडावे याची खूण करणारे संगीतच नसल्याने तो निर्णय प्रेक्षकाला स्वतः घ्यावा लागतो. तंत्रातली ही निवड विषयाशी एकजीव झालेली आहे, म्हणून इतक्या वर्षांनीही ‘कुंकू’ प्रचारपट वाटत नाही.

कौटुंबिक करुणपट हा सामाजिक चित्रपटाचाच सख्खा भाऊ. डोळ्यांत पाणी आणणे हा त्याचा उघड वायदा, आणि म्हणूनच त्याच्याकडे नाक मुरडून पाहण्याची रीत आहे. पण राष्ट्रीय पातळीवर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पहिला मान मिळवणारा चित्रपट याच प्रकारातला होता. आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. साने गुरुजींच्या पुस्तकावरचा हा चित्रपट मायेचा आहे तसाच शिस्तीचाही आहे. पोहायला घाबरणाऱ्या मुलाला छडीच्या धाकाने पाण्याकडे पिटाळणारी आई त्यात आहे. वनमाला यांनी ती भूमिका इतक्या संयमाने केली की रडणे संपल्यावर प्रेक्षक स्वतःच्या वागण्याचा विचार करू लागतो. त्यानंतर हा सर्वोच्च मान मराठीत परत यायला पन्नास वर्षे लागली. तो मिळाला संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला, आणि तोही करुणपटच होता. डोळ्यांच्या कर्करोगातून नातू वाचेल, पण शस्त्रक्रियेनंतर त्याची दृष्टी जाईल, हे कोकणातून आलेल्या आजोबांना समजते. त्याला अखेरचे जग दाखवावे म्हणून ते रुग्णालयात कुणालाही न सांगता त्याला बाहेर घेऊन जातात. चित्रपट पाहणे ही क्रियाच येथे विषय बनते. जे मूल उद्या पाहू शकणार नाही, त्याच्या डोळ्यांनी प्रेक्षकाला रस्ते, माणसे आणि रंग पाहावे लागतात. अश्रू आणणे सोपे असते असे म्हणणाऱ्यांनी या फेरफटक्याची मांडणी नीट पाहावी. अश्रूंबरोबर पाहण्याची जबाबदारीही अंगावर टाकणे कठीण असते.

तमाशापट हा मराठीचा सर्वांत अस्सल आणि सर्वांत झिजलेला प्रकार आहे. व्ही. शांताराम यांच्या १९४७ सालच्या ‘लोकशाहीर रामजोशी’ने त्याची लोकप्रियता सिद्ध केली. अनंत माने यांचा १९५९ सालचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला, आणि नंतरची दोन दशके या प्रकाराने गाजवली. ‘रामजोशी’ आणि ‘सांगत्ये ऐका’ या दोन्हींत काम केलेल्या हंसा वाडकर यांनी १९७० च्या सुमारास आलेल्या आत्मचरित्रालाही ‘सांगत्ये ऐका’ हेच नाव दिले, आणि श्याम बेनेगल यांनी त्यावरून १९७७ साली ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट केला. बोर्डावर नाचणाऱ्या बाईची गोष्ट तमाशापटाने सांगितली. पडद्यावर ती भूमिका करणाऱ्या बाईची गोष्ट सांगायला दुसरा प्रकार लागला. तमाशापटाची ताकद आणि त्याची मर्यादा या एका नावाच्या प्रवासात दिसते.

या प्रकारातला सर्वांत धारदार चित्रपट ‘पिंजरा’. व्ही. शांताराम यांनी १९७२ साली तो केला. त्याचे मूळ योसेफ फॉन स्टर्नबर्ग यांच्या १९३० सालच्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटात आहे, पण मराठी मातीत रुजताना त्याचा अर्थ बदलला. गावातून तमाशा हाकलायला निघालेले आदर्श मास्तर नाचणारणीच्या मोहात पडतात. दुसऱ्याच माणसाचे प्रेत मास्तरांचे म्हणून ओळखले जाते, गाव मास्तरांचा पुतळा उभारते, आणि खरे मास्तर तुणतुणे घेऊन फडामागे फिरत राहतात. शेवटी मास्तरांच्याच खुनाचा आरोप त्यांच्यावर येतो. आपण जिवंत आहोत हे सांगितले तर गावाचा आदर्श कोसळेल, म्हणून ते गप्प राहून शिक्षा पत्करतात. जगदीश खेबुडकर यांची गीते, राम कदम यांचे संगीत आणि संध्या यांचे नृत्य यांनी तमाशापटाचा वायदा भरभरून पाळला जातो. प्रेक्षक त्या लावण्यांवर खूष होतो आणि त्याच वेळी पुतळ्यालाही मान देतो. चित्रपट त्याला या दोन्हींचा जाब विचारतो. दगडाच्या मास्तरांना हार घालणारे गाव जिवंत मास्तरांना ओळखत नाही, आणि तमाशाला शिव्या देऊन रात्री फडात बसणारा समाज याहून वेगळा नसतो.

रवी जाधव यांच्या २०१० सालच्या ‘नटरंग’ने हाच वायदा दुसऱ्या बाजूने तपासला. आनंद यादव यांच्या कादंबरीतला गुणा हा पैलवानी अंगाचा शेतमजूर. फड उभा राहावा म्हणून तो नाच्याची भूमिका पत्करतो. अतुल कुलकर्णी यांनी आधी कमावलेले आणि मग उतरवलेले शरीर हा या चित्रपटाचा मुख्य पुरावा आहे. ढोलकीवर डोलणाऱ्या प्रेक्षकाला ज्या नाच्याचे हसू येते, त्या नाच्याने त्या हशापायी घर, मान आणि अब्रू गमावलेली असते. गाणी आवडणे आणि गाण्यामागच्या माणसाचा अपमान दिसणे या दोन गोष्टी ‘नटरंग’ एकमेकींपासून सुट्या होऊ देत नाही.

विनोदी चित्रपटावर सर्वांत मोठा अन्याय झालेला आहे. त्याला लोकांचे प्रेम उदंड मिळते आणि विचार मात्र वाट्याला येत नाही. सचिन पिळगांवकर यांचा १९८८ सालचा ‘अशी ही बनवाबनवी’ हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ सालच्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेला आहे. तरीही त्याचा मराठीपणा कुठे उसना वाटत नाही. याचे कारण लेखणीत आहे. पटकथा-संवाद लिहिणारे वसंत सबनीस हे ‘विच्छा माझी पुरी करा’ या गाजलेल्या वगनाट्याचे लेखक. एका थापेला सांभाळायला दुसरी थाप, तिला सांभाळायला तिसरी, आणि प्रत्येक पात्राची बोलण्याची ढब वेगळी, हे वगाचे तंत्र त्यांना हातचे होते. पुरुषाने स्त्रीचे काम करणे ही तर मराठी रंगभूमीची जुनी परंपरा. बालगंधर्वांच्या शालूची वर्णने ऐकत वाढलेल्या समाजाला पार्वती आणि सुधा बनलेले दोन पुरुष परके वाटण्याचे कारण नव्हते.

या चित्रपटाची मागणी हशाखाली दडलेली आहे. डोक्यावर छप्पर नाही म्हणून चार तरुण हा सगळा खटाटोप करतात. सुधीर जोशी यांच्या घरमालकापासून जोडप्यांनाच जागा देणाऱ्या लीलाबाईंपर्यंत सारे कथानक भाड्याच्या खोलीभोवती फिरते. शहरात एकट्या तरुणाला जागा न मिळणे हे त्या पिढीचे रोजचे दुःख होते, आणि प्रेक्षक त्यावर हसला म्हणून ते दुःख हलके ठरत नाही. शिवाय विनोदाचा वायदा पाळणे हे अतिशय कष्टाचे काम असते. करुण दृश्य थोडे लांबले तर चालते. विनोदातला क्षण डोळ्याच्या पापणीएवढा चुकला तरी सारे ढासळते. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची वेळ साधण्याची जाण ही श्रीराम लागू आणि निळू फुले यांच्या अभिनयाइतकीच मोठी कला आहे. गंभीर चित्रपट वरचा आणि विनोदी खालचा ही उतरंड रसिकाने मनातून काढून टाकली पाहिजे.

राजकीय चित्रपटाचा वायदा सत्तेचा आतला व्यवहार उघडा करण्याचा. जब्बार पटेल यांचा पहिला चित्रपट ‘सामना’ १९७५ साली बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत दाखवला गेला. विजय तेंडुलकर यांच्या लेखणीतून साखरपट्ट्यातला हिंदुराव धोंडे पाटील आणि त्याच्या गावात येऊन पडलेला दारूडा मास्तर उभे राहिले. सांगाडा रहस्यपटाचा आहे. मारुती कांबळे नावाचा माणूस गेला कुठे, हा प्रश्न मास्तर विचारत राहतो. निळू फुले यांनी हिंदुरावाला राक्षस केले नाही. गावाचा विकास करणारा, पाहुण्याची सरबराई करणारा हा माणूस प्रेक्षकाला आवडू लागतो आणि तिथेच तो अडकतो. ज्याच्या पंगतीला आनंदाने बसलो त्याच्या हाताला रक्त लागलेले आहे, हे मान्य करणे ही ‘सामना’ची मागणी. पटेल यांनी अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवरून १९७९ साली ‘सिंहासन’ केला. त्यात हिंदुराव साकारणारे निळू फुलेच दिगू टिपणीस हा पत्रकार झाले. सारे काही जाणणाऱ्या आणि काहीही बदलू न शकणाऱ्या दिगूचे शेवटचे हसणे सुजाण वाचक-प्रेक्षकालाच उद्देशून आहे.

रहस्य आणि भय हे मराठीत कमी मशागत झालेले प्रकार आहेत. राजा परांजपे यांच्या १९६४ सालच्या ‘पाठलाग’वरून हिंदीत ‘मेरा साया’ निघाला, पण मराठीत त्याची परंपरा झाली नाही. भुताला मराठी चित्रपटाने बहुधा विनोदाच्या सोबतीने आणले. महेश कोठारे यांच्या १९९३ सालच्या ‘झपाटलेला’तला तात्या विंचू, रामदास पाध्ये यांच्या कसबामुळे, मुलांना एकाच वेळी घाबरवतो आणि हसवतो. ती जोडी लोभस आहे. निखळ भयाचा वायदा मात्र मराठीत अजून फारसा कुणी दिलेला नाही.

प्रेमपटाचा वायदा सर्वांना तोंडपाठ असतो, आणि नागराज मंजुळे यांनी २०१६ सालच्या ‘सैराट’मध्ये तो मनःपूर्वक पाळला. विहीर, ऊस, शाळा-कॉलेजच्या वाटा, संथ गतीतली धाव, अजय-अतुल यांचे भरगच्च वाद्यवृंदाचे संगीत. शंभर कोटींची कमाई ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला आणि गाण्यांवर लोक चित्रपटगृहात नाचले. मंजुळे यांनी त्याआधी ‘फँड्री’च्या शेवटी जब्या या मुलाचा दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे प्रेक्षकावर भिरकावला होता. ‘सैराट’मध्ये त्यांनी प्रेक्षकाला आधी जवळ घेतले. हैदराबादेतला आर्ची-परश्याचा संसार सुरू होतो, भांडणे होतात, मूल होते, आणि प्रेमपट हळूहळू साध्या जगण्यात उतरतो. अखेरीस सारा आवाज थांबतो आणि रक्ताची लहान पावले उंबऱ्याबाहेर उमटत जातात. ज्या संगीताने प्रेक्षकाला नाचवले ते काढून घेतल्यामुळे ती शांतता असह्य होते. पूर्वार्धातला आनंद खोटा असता तर उत्तरार्धातली जातीची हिंसा इतकी बोचली नसती.

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की प्रकाराला एवढे महत्त्व दिले तर साचेबंदपणाचे समर्थन होईल. तमाशापटांची रांग आणि नंतर आलेली विनोदी चित्रपटांची लाट या दोन्हींनी प्रेक्षकाला कंटाळा आणला, हे खरे आहे. पण तो कंटाळा वायद्याचा नव्हता. त्या चित्रपटांनी ढोलकी आणि गोंधळ दिले, पण प्रेक्षकाकडून काहीच मागितले नाही. ज्याच्याकडून काही मागितले जात नाही त्या माणसाला आपला मान राखला गेला असे वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काही थोर चित्रपट प्रकाराचा वायदा सरळ नाकारतात. चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ सालचा ‘कोर्ट’ हे त्याचे उत्तम उदाहरण. गटारात उतरणाऱ्या कामगाराला लोकशाहिराच्या गाण्याने आत्महत्येला प्रवृत्त केले, असा आरोप वीरा साथीदार यांनी साकारलेल्या नारायण कांबळेवर ठेवला जातो. न्यायालयीन चित्रपटात अपेक्षित असलेली जुगलबंदी, उलटतपासणीतला स्फोट आणि निकाल यांपैकी काहीही येत नाही. तारखा पडतात. कॅमेरा एका जागी उभा राहून वकील आणि न्यायाधीश यांची घरे, बाजार आणि सुट्ट्या पाहतो. व्हेनिसमध्ये त्याला दोन पुरस्कार मिळाले आणि देशात सुवर्णकमळही मिळाले. तरीही ‘कोर्ट’चा परिणाम प्रेक्षकाच्या स्मरणावर उभा आहे. पडद्यावर गरजणारे वकील ज्याने आयुष्यभर पाहिले आहेत, त्यालाच ताम्हाणेंचे सपाट, कंटाळलेले न्यायालय हादरवते. नाकारलेला वायदाही प्रेक्षकाच्या मनात आधी असावा लागतो. अशा चित्रपटाला प्रेक्षक कमी मिळतो, कारण तो विश्वास देण्याआधीच मागणी करतो. त्याचे मोल त्यामुळे घटत नाही.

यातून आस्वादाचे काही नियम निघतात. चित्रपट त्याच्याच प्रकाराच्या वायद्यावर तोलावा. ‘बनवाबनवी’कडे ‘सामना’ची कठोरता मागू नये आणि ‘सामना’कडे ‘बनवाबनवी’ची हलकी चाल मागू नये. वायदा पाळला गेला का, हा पहिला प्रश्न. त्याच्या पुढे काय मागितले गेले, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर चित्रपट करमणूक करून विरतो. पहिल्याच प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर दुसरा बहुधा प्रेक्षकापर्यंत पोहोचतच नाही. एकाच प्रकाराला चिकटून राहणाऱ्या रसिकाला एकाच तऱ्हेची मागणी परिचयाची होते. जो सर्व प्रकार पाहतो त्याला तुकारामांच्या घरची चूल, नीराचा नकार, श्यामच्या आईची छडी, गुणाचा अपमान, चार तरुणांचे बेघरपण, मारुती कांबळेचे नाहीसे होणे आणि आर्ची-परश्याच्या मुलाची पावले या सर्वांना जागा करून द्यावी लागते. रसिकाच्या यादीत एकमेकांशी न जुळणारी नावे शेजारी येतात ती अशी, आणि ती यादी विस्कळीत वाटली तरी तिचे सूत्र पक्के असते.